भिंतीवरची बंद खिडकी

१

कालपर्यंत उघडी असलेली खिडकी आज सकाळी बंद होती. आता खिडकी बंद असण्यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण ही खिडकी भिंतीवर रंगवलेली होती, आणि रंगवलेली खिडकी काही वाऱ्यानं लागत नाही. कुणीतरी वर चढून, रंग कालवून, ब्रश चालवून ती लावली होती.

उस्तादांनी आधी डोळे चोळले, मग चष्मा पुसला, आणि मग अशी काही बोंब ठोकली की अंगणातली कबुतरं फडफडत उडाली.

"बाई! अहो बाई, इकडं या! सत्यानाश झालाय!"

बाई गॅरेजातून बाहेर आल्या. धावत नाही, चालत. हल्ली बाई कशासाठीच धावत नसत.

इथं जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही. भिंत होती एका गोदामाची. तिच्यासमोर अंगण, आणि अंगणापलीकडे चार मजली इमारत. इमारतीच्या तळाच्या जुन्या गॅरेजात एक वर्ग भरायचा. दुसऱ्यांच्या भिंतींवर चोरून रंगाचे फवारे मारताना पकडलेली पोरं तिथं येत. खटला भरण्याऐवजी त्यांना इथं पाठवलं होतं. उस्तादांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, ते पोरांना भिंत रंगवायला शिकवत. बाई विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करून निवृत्त झालेल्या, त्या नोकरीच्या मुलाखतीला कसं बसावं ते शिकवत. पोरं पाठीमागं त्यांना मुलाखतबाई म्हणत.

वर्षभर खपून सगळ्यांनी मिळून गोदामाच्या भिंतीवर समोरची इमारतच काढली होती. आरशात दिसावी तशी, सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि प्रत्येक खिडकीत तिथं राहणारी माणसं. संध्याकाळी पाहुणे यायचे होते, भिंत सगळ्यांना दाखवायची होती.

"आणि ही दोरी बघा," उस्ताद भिंतीलगत बांधलेल्या परांचीकडे बोट दाखवत म्हणाले. वर चढणाऱ्यानं कमरेला बांधायची दोरी खाली अर्धवट लोंबत होती. "कुण्या गाढवानं गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी गाठ मारून ठेवलीय. सुटता सुटेना. शेवटी चाकूनं कापली मी. चांगली दोरी वाया!"

बाईंनी दोरीकडे पाहिलं नाही. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहत होत्या. तिथं आता हिरवी झडप होती, पट्ट्यापट्ट्यांची, घट्ट लावलेली.

त्या झडपेच्या आत बाईंचा मुलगा होता. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीवर चोरून रंगवायला चढला आणि पडून गेला, तो.

२

बाईंना काही वाटलं नाही. तुम्हाला हे खरं वाटणार नाही, पण अगदी तसंच झालं. दोन वर्षं झाली, त्यांना काही वाटायचंच बंद झालं होतं. माणसं भेटायला आली, रडली, गेली. बाई सगळ्यांना पाणी देत राहिल्या. पोरांनी महिन्यापूर्वी भिंतीवर त्याचा चेहरा काढला तेव्हा सगळे टक लावून बाईंकडे बघत होते, आता रडतील, मग रडतील. बाई म्हणाल्या, "छान झालंय," आणि वर्गात जाऊन खडू शोधू लागल्या. त्या दिवसापासून मात्र त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरातून खाली यायला मागचा जिना वापरत आणि वर्गात दाराकडे पाठ करून बसत. दुपारी डबा उघडत, समोर ठेवत, आणि तसाच बंद करून घरी नेत.

अध्यक्ष हातातली किल्ल्यांची जुडी वाजवतच अंगणात आले. इमारतीच्या समितीचे अध्यक्ष हे. गॅरेज त्यांनीच दिलेलं आणि ते काढून घेण्याची संधीही तेच शोधत होते. वर बघून त्यांनी हात कमरेवर ठेवले.

"मी म्हणत नव्हतो? सुंभ जळला तरी..." पुढचं वाक्य त्यांनी बाईंकडे बघून गिळलं. "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे मला. पण या पोरांनी लिहून दिलंय. परवानगीशिवाय कुठल्याही भिंतीला हात लावला, तर मेहेरबानी संपली. ज्यानं केलं त्याचं नाव संध्याकाळी मला हवं. त्याच्यावर खटला भरला जाईल. नाव मिळालं नाही, तर सगळ्यांवरच भरला जाईल आणि गॅरेजला कुलूप."

"संध्याकाळपर्यंत नाव देते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"नुकसान कुणी केलं ते शोधण्यातच माझं आयुष्य गेलं."

मागं पोरांच्या घोळक्यात एक दांडगा तरुण मान खाली घालून उभा होता. त्याला सगळे ढग म्हणत, कारण त्याची अक्षरं फुगीर, कापूस भरल्यासारखी असत. टाकीवर बाईंच्या मुलासोबत तोच होता. तेव्हापासून ढगानं शिडीच्या दुसऱ्या पायरीवरही पाय ठेवला नव्हता. भिंतीचा तळचा पट्टा तेवढा त्यानं एकट्यानं रंगवला, जमिनीवर उभं राहून. येत्या सोमवारपासून त्याला पाट्या रंगवायच्या कारखान्यात नोकरी लागणार होती. या वर्गातली पहिली नोकरी.

बाईंनी पदर खोचला आणि परांचीची शिडी चढायला सुरुवात केली. उस्ताद खालून ओरडत राहिले, "अहो, या वयात! पडाल!" बाई चढतच राहिल्या. पडण्याची भीतीही त्यांना वाटत नव्हती.

तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर त्या फळीवर बसल्या आणि झडप जवळून पाहिली. मग नखानं एक कोपरा हळूच उचकटला. नुसता रंग निघाला नाही. रंगाखालून पातळ, रबरासारखी पारदर्शक साल वर आली, आणि तिच्याखाली खिडकीच्या चौकटीचा जुना रंग जसाच्या तसा चमकत होता.

३

बाईंनी गॅरेजात टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या, मुलाखतीच्या तासाला मांडत तशाच. फक्त आज पहिल्यांदा त्यांनी आपली खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. तिथून भिंत दिसत होती.

पहिले बसले अध्यक्ष. नाराजीनं बसले, पण बसले.

"तो चेहरा काढायला तुमचा विरोध होता," बाई म्हणाल्या.

"होताच. तुमच्यासमोर कशाला लपवू? अंगणात मुलं खेळतात, त्यांनी रोज गेलेल्या माणसाचं तोंड कशाला बघायचं? समितीत मी एकटा पडलो, सही करावी लागली."

"मग तुम्हीच चढला असाल वर."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "मी? अहो, मला पुसायचं असतं तर चुन्याची बादली ओतली असती माणूस लावून! झडपा काढत बसलो असतो होय?"

"तेच म्हणते मी," बाई शांतपणे म्हणाल्या. "बसल्याबद्दल आभार. तुम्ही नाही."

मग उस्ताद आले. बसल्या बसल्या त्यांनी डोक्याला हात लावला.

"साल म्हणजे काय, उस्ताद?"

"तुम्ही पाहिलीत?" उस्ताद दचकले. "साल... रबराचा चीक असतो तो. दुसऱ्याच्या कामावर तात्पुरतं काही रंगवायचं असेल, तर आधी सालीचा एक हात द्यायचा. नंतर सगळं सोलून काढता येतं, खालचं काम वाचतं. पहिल्याच महिन्यात शिकवतो मी सगळ्यांना. का हो, त्याच्यावर साल दिलीय?"

"दिलीय. आणि चारी बाजूंना टेप लावून मगच रंग लावलाय. शेजारच्या खिडकीवर एक शिंतोडा नाही."

उस्तादांच्या चेहऱ्यावर राग आणि अभिमान यांची खिचडी झाली. "म्हणजे आपल्यापैकीच कुणीतरी," ते पुटपुटले.

"म्हणजे ज्याला तो चेहरा नको होता, तो नव्हे. ज्याला तो जपायचा होता, तो. उस्ताद, आपल्या चित्रात उजेड कुठून येतो?"

"उजवीकडून. सकाळचा. सगळ्या सावल्या डावीकडे. झोपेत उठवून विचारा."

"त्या झडपेची सावली उजवीकडे पडलीय."

उस्ताद ताडकन उठून दारापर्यंत गेले, वर बघितलं, आणि परत येऊन धपकन बसले. "शी! शी शी शी! ही चूक माझ्या हातून मेल्यावरसुद्धा व्हायची नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तुम्हीही नाही."

बाहेर कुणाचीतरी पावलं वाजली. दार न ठोठावता आत शिरली ती चिमणी. लहानखुरी, चपळ, परांचीवर माकडासारखी वावरणारी मुलगी. भिंतीवरच्या वरच्या सगळ्या खिडक्या तिच्या हातच्या होत्या.

"कुणाला छळू नका, बाई," ती म्हणाली. "मी केलंय ते."

४

उस्तादांनी कपाळावर हात मारला. बाईंनी त्यांना हातानंच बाहेर जायला सांगितलं आणि चिमणीला खुर्ची दाखवली.

"बसा." मुलाखतीच्या टेबलावर बाई सगळ्यांनाच अहोजाहो करत, सवय व्हावी म्हणून. "का केलंत?"

"असंच. कंटाळा आला होता."

"कधी?"

"काल संध्याकाळी. सगळे गेल्यावर."

"दोरी बांधली होती?"

"मी कुठं दोरी बांधते?" चिमणीच्या तोंडून निघून गेलं. मग ती सावरली. "म्हणजे काल बांधली होती."

"सावली कुठल्या बाजूला टाकलीत?"

चिमणीनं बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. "डावीकडे. सगळ्या सावल्या डावीकडेच की. मीच काढल्यात ना."

बाईंनी मान वळवून दाराबाहेर पाहिलं. चिमणीनंही पाहिलं. वरच्या झडपेखालची सावली उजवीकडे होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. चिमणीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"तुम्ही ती नीट पाहिलीही नाहीये," बाई म्हणाल्या. "कुणाला तरी वाचवताय, एवढंच."

"माझं काय जाणारेय, बाई?" चिमणी एकदम उसळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला कुठं नोकरी लागलीय? मला पकडलं तर पकडू दे. सोमवारी त्याला..." आणि तिनं जीभ चावली.

सोमवारी कुणाला, हे सांगायची गरज उरली नाही. पण तो तर शिडीकडे बघूनसुद्धा घाम पुसायचा, हे इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

बाई उठून अंगणात गेल्या, परांचीखाली पडलेला दोरीचा कापलेला तुकडा उचलला आणि टेबलावर आणून ठेवला. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी गाठ. चिमणी दोरी बांधत नसे. उस्ताद एक सरकफास टाकत, सहज सुटणारा. इतक्या गाठी कोण मारतं? ज्याला आपण पडणार याची खात्री असते, तो.

"त्याला आत पाठवा," बाई म्हणाल्या.

५

ढग खुर्चीच्या कडेवर बसला. समोर दोरी दिसताच त्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"तुमच्याबद्दल थोडं सांगा," बाईंनी सुरुवात केली. हा त्यांचा नेहमीचा पहिला प्रश्न.

ढग दोरीकडेच बघत राहिला.

"बरं, मी सांगते. तुम्ही भिंतीचा तळचा पट्टा रंगवलात. तिथं नुसती अक्षरं आणि विटा, सावल्या नाहीत. उजेड कुठून येतो ते उस्ताद परांचीवर उभं राहून शिकवत होते, तेव्हा तुम्ही खाली होतात. म्हणून काल संध्याकाळी वर गेल्यावर तुम्ही उस्तादांचा नियम पाळला नाहीत, तो तुम्हाला माहीतच नव्हता. तुम्ही मान वळवून समोरच्या इमारतीकडे बघितलंत आणि दिसली तशी खिडकी काढलीत. संध्याकाळच्या उन्हात सावली उजवीकडे पडते." बाई क्षणभर थांबल्या. "खालच्या बिजागरीच्या बाजूला गंजाचा ओघळही काढलायत. तो फक्त एकाच झडपेवर आहे. माझ्या घरातल्या."

ढगानं मान हलवली. हो, अशी.

"वर कसे चढलात?"

"डोळे मिटून," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "प्रत्येक फळीवर वाटत होतं, आता. आता पडणार. मग दोरी बांधली. पुन्हा बांधली. उतरताना गाठी सुटेनात, मग तशीच अंगातून काढली."

"का पण?"

ढग बाईंकडे न बघता टेबलाशी बोलला.

"बाई, तुम्हीच शिकवलंत. पहिल्या दिवशी, फळ्यावर लिहून. भिंत कुणाची आहे ते आधी विचारायचं, मालकानं हो म्हटल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. आम्ही सगळ्यांना विचारलं. गोदामवाल्याला विचारलं, समितीला विचारलं, खिडकीतल्या एकेका माणसाच्या दारात जाऊन विचारलं. फक्त तुम्हाला नाही विचारलं. आम्हाला वाटलं, तुम्हाला आनंद होईल. घरातली त्याची खिडकी तुम्ही बंद करून ठेवलीय, दोन वर्षं, आम्हाला रोज दिसते ती. आणि आम्ही इथं ती उघडून बसलो. त्या दिवसापासून तुम्ही मागच्या जिन्यानं येता. आधी निदान अर्धा डबा तरी खायचात."

बाईंच्या हातातली पेन्सिल टेबलावर आडवी झाली.

"पुसवेना मला," ढग म्हणाला. "तो माझा मित्र होता. म्हणून साल लावली. लावताना त्याला म्हटलं, भावा, थोडा वेळ आत बस."

वर्षानुवर्षं माणसांनी बाईंना जळालेल्या घरांच्या, फुटलेल्या काचांच्या कहाण्या सांगितल्या होत्या. कोण खोटं बोलतंय ते त्यांना पहिल्या वाक्यात कळायचं. हा खोटं बोलत नव्हता. सगळ्या पुराव्याचं टोक फिरून त्यांच्याकडेच आलं होतं. गुन्हा त्यांच्यासाठी झाला होता, आणि आता त्यांनाच गुन्हेगाराचं नाव द्यायचं होतं.

"नोकरी जाईल ना माझी?" ढगानं विचारलं.

प्रत्येक मुलाखत बाई ज्या प्रश्नानं संपवत, तोच त्यांनी विचारला. "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

ढगानं पहिल्यांदाच मान वर केली.

"एकच. ती उघडायची कधी?"

६

पाहुणे यायच्या थोडं आधी अध्यक्ष अंगणात येऊन उभे राहिले. सगळी पोरं भिंतीला पाठ लावून ओळीत उभी होती, फोटोला उभी राहावीत तशी, पण हसत कुणीच नव्हतं. ढगानं पिशवी भरून खांद्याला लावली होती.

"नाव?" अध्यक्ष म्हणाले.

"देते म्हटलं होतं, देते," बाई म्हणाल्या. "पण आधी गुन्हा कुठला ते ठरवू. परवानगीशिवाय रंगवलं, हाच ना?"

"हाच."

"मग गुन्हा महिन्यापूर्वीचा आहे. खिडकी माझी. तिच्यातला मुलगा माझा. तो तिथं काढायला परवानगी कुणी दिली? कागदावर सही तुमची आहे, अध्यक्ष. मला कुणी विचारलं?"

अध्यक्षांच्या हातातली किल्ल्यांची जुडी वाजायची थांबली.

"आम्हाला वाटलं... तुम्ही स्वतःच वर्गात असता, त्यामुळं..."

"सगळ्यांनाच वाटलं. आणि ती खिडकी बंद करायची, तर परवानगी कुणाची लागेल?"

"तुमची," अध्यक्ष नाइलाजानं म्हणाले.

"आहे माझी परवानगी."

"कधी दिलीत?"

"आत्ता."

उस्तादांना खोकल्याची उबळ आली आणि ते पलीकडे तोंड करून बराच वेळ खोकत राहिले. अध्यक्षांनी एकदा बंद खिडकीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"केलं कुणी, ते तरी सांगाल?"

"परवानगी होती म्हटल्यावर ते काम झालं, गुन्हा नाही. आता जे नाव द्यायचं ते गुन्हेगाराचं, आणि ती सही तुमचीच आहे."

अध्यक्ष हरले होते आणि त्यांना ते कळलंही होतं. तरी माणूस अगदीच वाईट नव्हता. "निदान ती सावली तरी सरळ करून घ्या," ते निघता निघता म्हणाले, "मलासुद्धा कळतेय."

चिमणी आधी हसली, मग उरलेले. ढगाची पिशवी खांद्यावरून घसरून खाली पडली, ती त्यानं उचलली नाही. बाई त्याच्याजवळ गेल्या.

"तू विचारलंस ना, उघडायची कधी." त्या आता अहोजाहो करत नव्हत्या. "इथली नंतर बघू. आधी घरातली. तिची कडी गंजलीय, माझ्यानं हलत नाही. तेल घे आणि वर ये."

टाकीच्या त्या दिवसानंतर ढग बाईंच्या घरात गेला नव्हता. आज गेला, पुढच्या जिन्यानं, बाईंच्या मागोमाग. मुलाच्या खोलीत धूळ होती, टेबलाखाली रंगाचे रिकामे डबे होते, भिंतीवर अर्धवट सोडलेलं एक चित्र होतं. ढगानं कडीत तेल सोडलं, थोडा दम खाल्ला, दोन्ही हातांनी ओढली. तिसऱ्या हिसक्याला कडी सुटली. झडपा कुरकुरत बाहेर गेल्या आणि संध्याकाळचं ऊन खोलीभर पसरलं.

समोर भिंत होती. सगळ्या खिडक्या उघड्या, आणि बरोबर समोर एक बंद. तिच्यावर गंजाचा ओघळ आणि चुकीच्या बाजूला पडलेली सावली. खाली पाहुणे माना वर करून बघत होते आणि उस्ताद त्यांना काहीतरी ठासून सांगत होते.

बाई बघत राहिल्या. त्यांचा हात चौकटीवर होता. मग त्या रडू लागल्या, आवाज न करता, आणि ढग तेलाचा डबा हातात धरून तसाच उभा राहिला, कारण काय करायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळानं बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"खाली टेबलावर माझा डबा राहिलाय," त्या म्हणाल्या. "घेऊन ये. भूक लागलीय मला."